बोट म्हणेल तेवढंच

मनू,

दिवाळीला आलीस तेव्हा जुन्या जालन्यात नेमके दिवे गेले होते. अंधारातच तू म्हणालीस, "मामा, कंपनीनं मला सोनोग्राफी मशिनचं पॅनेल दिलंय करायला. यूएसबीवर चालणारं." मी म्हणालो, "बरं झालं, अंधारात सांगितलंस. ते अंधारातच वापरायचं असतं." तू हसलीस, पण मी काही हसवायला बोललो नव्हतो. मग तुझी आई ताटं घेऊन आली, बोलणं अर्धवट राहिलं आणि सकाळी तू पुण्याची गाडी धरलीस. उरलेलं इथे लिहितोय.

माझं शिक्षण आयटीआयचं. आधी बारा वर्षं सळईच्या मिलमध्ये पॅनेलचं वायरिंग केलं, पुढे तीसेक वर्षं दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त केली. तुझ्या पुस्तकातलं गणित मला येत नाही. पण कुठलं बटण कशानं मरतं आणि कुठलं बटण माणसाला दगा देतं, हे मी हातानं शिकलोय. त्याचं सार एवढंच: बोटानं जे म्हटलं, तेवढंच यंत्राला पोचावं. त्याहून कमी नको, जास्त नको, आणि भलतंच तर मुळीच नको. पुढचं सगळं यातूनच निघतं.

१. सर्किटच्या आधी हात बघ

मिलमध्ये क्रेनवाल्याच्या हातात बटणांची लोंबती पेटी असते. तो तिच्याकडे कधीच बघत नाही, त्याची नजर वर लटकलेल्या मालावर असते. म्हणून त्या पेटीत 'थांब'चं बटण मोठं, भूछत्रासारखं आणि हातमोज्यातून कळणारं असतं. सोनोग्राफीच्या डॉक्टरांचंही तसंच. नजर पडद्यावर, उजव्या हातात पोटावर फिरवायचा प्रोब, म्हणजे पॅनेल चालवायला राहतो डावा हात. बहुतेक ठिकाणी हीच रीत आहे. आणि पॅनेल कागदावर आखणारा मात्र उजव्या हातानं, भरउजेडात, समोर बसून आखतो. चूक तिथूनच सुरू होते.

तू एक दिवस परवानगी काढून सोनोग्राफीच्या खोलीत बस. पेशंटचं नाव-गाव लिहू नकोस, फक्त डाव्या हाताचा हिशोब ठेव: कुठलं बटण किती वेळा दाबलं, आणि कितीदा मान वळवून बघावं लागलं. फ्रीझ, म्हणजे चित्र गोठवायचं बटण, सगळ्यात जास्त दाबलं जातं, हे तुला पहिल्या तासात कळेल. ट्रॅकबॉल मधोमध ठेव. फ्रीझ, सेट (पडद्यावरची खूण पक्की करायचं) आणि मोजमापाचं बटण मनगट न उचलता बोट पोचेल इतक्या अंतरावर ठेव. मात्र फ्रीझ तळहात टेकतो तिथे नको. हात विसावला आणि चित्र गोठलं, असं व्हायला नको.

लोखंड आणि पोट यांचं नातं जुनं आहे बरं. १९५५ साली ग्लासगोचे डॉक्टर इयान डोनाल्ड बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात गेले. पोलादातल्या भेगा शोधायचं अल्ट्रासाउंडचं यंत्र तिथे होतं. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी त्यांनी गाडीतून नेल्या होत्या, आणि ताडून बघायला मांसाचा एक तुकडा. गाठींचे प्रतिध्वनी वेगळे दिसले. पुढे टॉम ब्राउन या तरुण इंजिनिअरनं त्यांच्यासाठी यंत्र घडवलं आणि १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा निबंध आला. तेव्हा मिलमधला मामा सोनोग्राफीवर काय बोलणार, असं मनात आणू नकोस.

२. डोळे मिटून सापडेल असं बटण कर

खोलीत अंधार असतो, कारण पडद्यावरचा करडा फरक उजेडात दिसत नाही. म्हणून बटणांना नुसती अक्षरं देऊन भागत नाही. फ्रीझ आकारानं वेगळं ठेव, सेटवर एक उंचवटा दे, गेनची, म्हणजे चित्र उजळवायची घुंडी जाड आणि डेप्थची, म्हणजे किती खोल बघायचं ती बारीक कर. जवळजवळ असलेल्या दोन घुंड्या एकाच मापाच्या घेऊ नकोस, दुकानदार स्वस्तात डझनभर देत असला तरी.

बटणांमागचा दिवा मंद ठेव, त्यात डोळ्यांचाही हिशोब आहे आणि करंटचाही. जोडल्याजोडल्या यूएसबीतून १०० मिलिअँपिअरच घ्यायला परवानगी असते. ओळख पटून मशिननं मान्यता दिली की ५०० पर्यंत. चाळीस बटणांमागे दहा-दहा मिलिअँपिअरचे दिवे लावलेस तर ४०० तिथेच संपले. दोन-दोनचे लाव. अंधाऱ्या खोलीत तेवढे पुरतात, आणि डॉक्टरांच्या डोळ्यांवरही येत नाहीत.

३. एक दाब, एक मोजणी

खटका दाबला की आतली पत्री एकदाच टेकत नाही. काही मिलिसेकंद ती थरथरते, टेकते, सुटते, पुन्हा टेकते. माणसाला एक खटका ऐकू येतो, चिपला चार-पाच दिसतात. मी पहिलं पॅनेल दुरुस्त केलं तेव्हा हे मनावर घेतलं नव्हतं. एका दवाखान्यात बाई चित्र गोठवायच्या आणि ते गोठून लगेच सुटायचं. पोटातलं बाळ तेवढ्यात कूस बदलायचं आणि मांडीच्या हाडाचं माप हुकायचं. त्या बिचाऱ्या स्वतःच्या बोटाला दोष देत होत्या. दोष माझा होता.

दहा-वीस मिलिसेकंद स्थिती बदलली नाही तरच दाब खरा मान. शिवाय दुसरी एक गोष्ट पोरं विसरतात. यूएसबीत पॅनेल आपणहून बोलत नाही. शाळेतल्या हजेरीसारखं असतं, नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं. संथ, म्हणजे लो-स्पीड उपकरणाची हजेरी फार तर दर १० मिलिसेकंदांनी होते, फुल-स्पीडची दर १ मिलिसेकंदाला होऊ शकते. दोन हजेऱ्यांच्या मध्ये बटण दाबून सुटलं तर तो दाब हरवतो. म्हणून तो साठवून ठेव आणि मशिननं उचलल्यावरच पूस. घुंडीच्या पावलांचंही तेच. पोस्टमन येईपर्यंत पत्रं पेटीतच राहिली पाहिजेत.

४. तिसऱ्याच्या नावानं हाक जाऊ देऊ नकोस

चाळीस बटणांना चाळीस वायरी कोणी ओढत नाही, आडव्या-उभ्या ओळींची जाळी करतात. त्या जाळीत एका चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले गेले तर चौथाही दाबल्यासारखा दिसतो. भुताचं बटण म्हण. प्रत्येक बटणाशी एक छोटा डायोड लावला की भूत उतरतं. बाजारात १एन४१४८ हा डायोड वाटाण्या-फुटाण्याच्या भावात मिळतो. तिथे पैसे वाचवू नकोस. खरेदीच्या माणसानं 'डॉक्टर तीन बटणं एकदम कशाला दाबतील?' असं विचारलं, तर त्याला पॅनेल कापडानं पुसायला लाव. पुसताना दहा बटणं एकदम दाबली जातात.

५. फिरती घुंडी कुठे, सरकती पट्टी कुठे

गेन आणि डेप्थ यांना दोन्हीकडे अखंड फिरणारी घुंडी लाव, म्हणजे एन्कोडर. त्याला 'मी कुठे आहे' हे सांगता येत नाही, 'इतकी पावलं डावीकडे-उजवीकडे गेलो' एवढंच तो सांगतो. तेच आपल्याला हवं. डॉक्टरांनी पोटाऐवजी थायरॉइडची तपासणी निवडली की मशिन डेप्थ स्वतः बदलतं. घुंडीवर आकडे छापलेले असते तर ती त्या क्षणापासून खोटं बोलू लागली असती.

टीजीसीला, म्हणजे खोलीप्रमाणे प्रतिध्वनी मोठा करण्याच्या सोयीला, मात्र सरकत्या पट्ट्याच लाव, बहुधा आठ. हे का, ते नीट समजून घे, कारण इथे भौतिकशास्त्र थेट बोटाखाली येतं. आवाज शरीरात सेकंदाला सुमारे १५४० मीटर जातो. १ सेंटिमीटर खोल जाऊन परत यायला त्याला १३ मायक्रोसेकंद लागतात. वाटेत तो दमतो, ढोबळमानानं दर सेंटिमीटरला आणि दर मेगाहर्ट्झला अर्धा डेसिबल. ३.५ मेगाहर्ट्झचा प्रोब आणि १५ सेंटिमीटर खोली धर. जाण्यायेण्याचे ३० सेंटिमीटर झाले, म्हणजे साडेबावन्न डेसिबल गेले. पावणेदोन लाख रुपये घेऊन निघालेला माणूस एक रुपया घेऊन घरी यावा, तसं ते. म्हणून उशिरा आलेल्या प्रतिध्वनीला जास्त मोठं करावं लागतं. खोली १६ सेंटिमीटर असेल तर एकेका पट्टीच्या वाट्याला दोन-दोन सेंटिमीटर येतात. वरची पट्टी त्वचेजवळची, खालची खोलातली. बोटं पट्ट्यांवरून फिरवली की डॉक्टरांना न बघता वळण कळतं. टचस्क्रीनवर ते कळत नाही.

पट्टीचा आकडा वाचताना शेवटचा अंक नाचतो. हात लावला नसतानाही ५१२, ५१३, ५१२ होत राहतं आणि पडद्यावरचं चित्र किंचित लुकलुकतं. दोन-तीन अंकांचा फरक पडल्याशिवाय मशिनला कळवू नकोस. आणि जोडल्याबरोबर सगळ्या पट्ट्यांची खरी जागा एकदा सांगून टाक.

आवाजाची ताकद वाढवणारी, म्हणजे ट्रान्समिट पॉवरची घुंडी वेगळी काढ. एक टप्पा म्हणजे एकच पाऊल. जोरात फिरवली म्हणून दहा पावलं पुढे, अशी हुशारी तिथे करू नकोस. समोर गर्भ असेल तर कामापुरती कमीत कमी ताकद वापरायची, हा जगभरचा नियम आहे.

६. पॅनेलला कीबोर्डचं सोंग देऊ नकोस

सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे पॅनेलनं 'मी कीबोर्ड आहे' असं सांगायचं आणि फ्रीझ दाबलं की 'एफ' पाठवायचं. पहिल्या दिवशी वाहवा होते. दुसऱ्या दिवशी नर्स पेशंटचं नाव भरत असते, डॉक्टर फ्रीझ दाबतात आणि नावात 'एफ' घुसतो. शिवाय कीबोर्डच्या साध्या निरोपात एका वेळी सहाच कळा मावतात.

यूएसबीच्या एचआयडी, म्हणजे कीबोर्ड-माउससारख्या उपकरणांच्या नियमांत वैद्यकीय यंत्रांसाठी वेगळं पान आहे, हेक्समध्ये ४० क्रमांकाचं, आणि ते चक्क सोनोग्राफीसाठीच लिहिल्यासारखं आहे. फ्रीझ २१, प्रिंट २६, ट्रान्समिट पॉवर ४१, फोकस ४३, डेप्थ ४४, आणि तुझी टीजीसी ७०. मी हे पान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा, आपण इतकी वर्षं फुकट डोकं खाजवलं असं वाटलं. संगणक या क्रमांकांवरून आपणहून काही टाइप करत नाही, मशिनचं सॉफ्टवेअर ते स्वतः वाचतं. एकाच वायरीवर तीन चेहरे दाखव: नाव टाइप करायला कीबोर्ड, ट्रॅकबॉलला माउस आणि बाकी सगळ्याला हे पान.

७. वायर सुटली तर काय, हे आधी ठरव

मी पूर्वी छातीठोकपणे सांगायचो, पॅनेल बंद पडलं की चित्र गोठवायचं. गोठवलं की प्रोबचा आवाजही थांबतो, म्हणजे सगळ्यात सुरक्षित. एकदा एका डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "सुई यकृतात आहे, मी पडद्यावर बघून ती पुढे नेतोय, आणि तुम्ही चित्र गोठवलंत. आता?" मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवसापासून मी असं एकट्यानं ठरवणं सोडलं. तुमच्याकडे धोक्यांची जी वही ठेवतात, आयएसओ १४९७१ ची, ती कागद रंगवायला नसते. डॉक्टरांना समोर बसवून, 'आणि मग?' असं विचारत ती भरायची असते.

माझ्या मते निदान एवढं हवं: पॅनेल गेलं की मशिननं सगळी बटणं सुटली असं धरावं. आहे त्या सेटिंगवर चित्र चालू राहावं. ताकद आपोआप कधीही वाढू नये. पडद्यावर ठळक अक्षरांत 'पॅनेल जोडलेलं नाही' असं यावं. फ्रीझला पायाखालचं बटण असावं, आणि ते वेगळ्या वायरीवर. चालू करतानाच एखादं बटण दाबलेलं सापडलं तर ते अडकलंय असं समजून त्याचं नाव सांग आणि त्याचं ऐकू नकोस. चिप गुंगली तर स्वतःच उठावी म्हणून वॉचडॉग लाव.

८. जेल, धूळ आणि पुसायचं फडकं

आपल्याकडे सळईच्या मिलची काजळी, सरकीचा धुरळा आणि उन्हाळ्याची माती, तिन्ही खिडकीतून आत येतात. वरून प्रोबचं जेल. ओलं असताना ते निरुपद्रवी दिसतं, वाळलं की पापुद्रा धरतं, आणि ट्रॅकबॉल पिठात लाटणं फिरावं तसा फिरतो. तो हातानं, स्क्रू-ड्रायव्हरशिवाय निघाला पाहिजे. बटणांवर एकसंध सिलिकॉनची चादर घाल. पट्ट्यांच्या फटींखाली रबराची पापणी दे आणि तिच्याखाली पाणी बाहेर जायला वाट ठेव.

निर्जंतुक करायला दवाखान्यात काय वापरतात ते विचार आणि त्याच द्रवानं तुझा नमुना हजारदा पूस. स्पिरिटनं ॲक्रिलिकला बारीक तडे जातात. वरून छापलेली अक्षरं वर्षात पुसतात, म्हणून छपाई पारदर्शक पापुद्र्याच्या आतल्या बाजूनं कर.

९. अर्थिंगला पाणी घातलं का?

यूएसबीची जमीन संगणकाच्या पत्र्याशी जोडलेली असते. भिंतीतलं अर्थिंग तुटलेलं असेल तर सप्लायमधल्या छोट्या कपॅसिटरमुळे पत्र्यावर शंभरेक व्होल्ट तरंगतात. करंट नखभर, पण मुंग्या येतात. तुझ्या पॅनेलच्या धातूच्या कडेला डॉक्टरांचा डावा हात, उजवा हात पेशंटच्या पोटावर ओल्या जेलमध्ये. आता वाट काढून बघ. म्हणून पॅनेलच्या वरच्या बाजूला उघडा धातू ठेवू नकोस. पेशंटच्या बाजूला गळणाऱ्या करंटची मर्यादा मिलिअँपिअरच्याही दहाव्या भागात मोजतात. गरज पडली तर यूएसबी वेगळी करणारी चिप घाल.

आणि मशिनला दोष देण्याआधी खड्डा बघ. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या पट्टीला सोडून देते. कोळसा-मीठ घातलेला खड्डाही कोरडा पडतो. किती दवाखान्यांत मी खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतून 'पॅनेल दुरुस्त' केलंय! हिवाळ्यात दुसरीच गोष्ट: नायलॉनच्या साडीवरून बोटाला ठिणगी येते आणि यूएसबी गायब होते. कनेक्टरपाशीच ती ठिणगी पिणारे डायोड लाव आणि वायरीवर फेराइटचा मणी घाल.

१०. कागद आधी, पाना-पक्कड मग

वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ चे नियम आहेत. चालत्या मशिनचं पॅनेल काढून आपलं बसवायचं, असा जुगाड तिथे चालत नाही. तू कंपनीत आहेस, तुझं पॅनेल मशिनबरोबरच मंजूर होऊ दे.

दुसरा कायदा आपल्या जास्त जिव्हारी लागणारा. गर्भलिंग तपासणीवर देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानं केला, केंद्राचा १९९४ चा आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. नोंदणी नसलेल्याला सोनोग्राफी मशिन विकता येत नाही आणि भाड्यानंही देता येत नाही. म्हणून चाचणीला प्रोबसकट मशिन कुणाच्या घरी, गोदामात नेऊ नकोस. टेबलावर साधा संगणक आणि साठवलेली चित्रं पुरतात.

कोल्हापूरची गोष्ट वाचून ठेव. लक्ष्मीकांत देशमुख तिथे जिल्हाधिकारी असताना त्यांनी सोनोग्राफी मशिनला 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाची पेटी जोडायला लावली होती, झालेल्या तपासणीची नोंद राहावी म्हणून. डॉक्टरांची संघटना कोर्टात गेली, पेशंटच्या खासगीपणाचा मुद्दा निघाला, आणि २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं पेटीच्या बाजूनं निकाल दिला. आपण जोडतो ती पेटी कधी नुसती पेटी राहत नाही, मनू. आपल्या गावाला लोक 'जालना सोने का पालना' म्हणतात. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. पाळण्याच्या गावात यंत्रं जोडणाऱ्यानं हा आकडा पाठ ठेवावा.

११. शेवटची परीक्षा

पॅनेल तयार झालं की अहवाल लिहायच्या आधी खोलीतला दिवा मालव. तीन माणसं बसव: एक रोज सोनोग्राफी करणारे, एक नवशिके, एक चष्मा लागलेले. डाव्या हातानं चालवायला सांग आणि नुसती हाक दे: फ्रीझ. डेप्थ कमी. खालची पट्टी वर. सेट. हात जिथे चाचपडेल तिथे पेन्सिलनं खूण कर. त्या खुणा म्हणजे तुझं उरलेलं काम.

हल्ली इथे दिवे पूर्वीइतके जात नाहीत. तरी पुढच्या खेपेला पॅनेल घेऊनच ये. मेन स्विच मी खाली पाडतो.

तुझा,
मामा